बियाण्याची दामदुप्पट

दिवाळीच्या अंकात मटकी-हुलग्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना फराळाच्या ताटात उसळ वाढल्यासारखे वाटेल. पण चार दिवस चकल्या-अनारशांवर काढल्यानंतर पाचव्या दिवशी मोडाच्या मटकीची आठवण ज्याला होत नाही, असा मराठी माणूस मला तरी भेटलेला नाही. हल्ली माझ्या परिचयातील कितीतरी घरांत एकच विचारणा चालू असते: रासायनिक खत न घातलेले, औषध न फवारलेले आणि हमखास मोड येणारे कडधान्य वर्षाच्या बेगमीला पुरेल इतके, परवडेल अशा भावात मिळावे कोठून? दुकानात ‘सेंद्रिय’ असे छापलेली अर्ध्या किलोची सुबक पुडी मिळते. पण पुडीपुडीने बेगमी होत नाही. लोकांना हा प्रश्न शहरी आणि नवा वाटतो. आमच्या अहमदनगर जिल्ह्याला (२०२४ पासून त्याला अहिल्यानगर म्हणावयाचे) तो फार जुना आहे. उगवणारा दाणा कोणाकडून घ्यावा आणि कोणत्या अटीवर, या प्रश्नावर येथल्या कित्येक पिढ्यांचे बरेवाईट ठरले.

दाणा उगवतो की नाही, हे पाहण्याची रीत आपण देवघरातच नेऊन ठेवली आहे. घटस्थापनेला शेतातली काळी माती आणावयाची, तीत धान्ये पेरावयाची, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावयाचा आणि त्याच्या पाझराने नऊ दिवसांत काय वर येते ते पाहावयाचे. दसऱ्याला ते पोपटी अंकुर टोपीत, फेट्यात तुऱ्यासारखे खोवतात. रब्बीची पेरणी याच सुमारास होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पूजेत घरच्या बियाण्याची परीक्षाही होऊन जाई, असे मला वाटते. ज्याच्या कणगीतला दाणा उगवला तो निर्धास्त. पण ज्याच्या कणगीत दाणाच उरला नाही, त्याने काय करावे?

नगर जिल्ह्याचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या बाजूला पाऊस चुकला की बियाण्यासाठी राखलेली पायली श्रावणातच जात्यात जाई. मग सावकाराचा ओटा. तेथे दोन भाव ठरलेले: सवाई आणि दिढी. सवाई म्हणजे चार पायल्या नेल्या तर सुगीला पाच आणून घालावयाच्या. दिढी म्हणजे चाराच्या सहा.

आता थोडा हिशेब करू. ज्वारीचे बी एकरी चार किलोच्या आसपास लागते. दिढीने सहा किलो परत करावयाचे म्हटले, तरी एकरात तीन-चार क्विंटल धान्य आले तर शंभरात दोन भागही जात नाहीत. हरभऱ्याचे बी एकरी पंचवीस-तीस किलो, तेथे दिढी जास्त बोचणार. पण तेवढ्याने कुणबी देशोधडीला लागेल असे काही दिसत नाही. मला वाटते, बियाण्याने त्याला बुडविले नाही. बियाण्याच्या निमित्ताने तो ज्या ओट्यावर चढला त्या ओट्याने बुडविले. बियाण्यापाठोपाठ तेथूनच खावटी येई, खावटीपाठोपाठ सरकारी सारा भरण्यासाठी रोकड येई. पेरणीच्या महागाईत दाण्याचे रुपये करून ते खतावर लिहावेत आणि सुगीच्या स्वस्ताईत त्या रुपयांचे पुन्हा दाणे करून मोजून घ्यावेत, ही त्यातली खरी मेख. रुपयाला दोन पायल्या असताना नेलेल्या चार पायल्या, रुपयाला चार पायल्या झाल्या की व्याज न लावताच आठ होतात!

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात यावर एक लगाम होता. त्याचे नाव दामदुप्पट: एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करावयाचे नाही. (धान्याच्या कर्जाला मात्र मनुस्मृती पाचपटीपर्यंत सूट देते, स्मृतिकारांनाही सावकारांची भीड असावी.) इंग्रजी अमलात हा लगाम कागदावर राहिला, पण सैल पडला. १८५९ च्या कायद्याने कर्जवसुलीला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा. सावकाराने मात्र दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्यास आरंभ केला. दामदुप्पट तशीच्या तशी राहिली. फक्त दाम दर खेपेला वाढत गेला.

पुढची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव १८६५ नंतर ओसरला, साऱ्याचे दर चढले, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा पेटला. तो पाहता पाहता नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते मिळाली की ती चव्हाट्यावर आणून जाळावयाची. दंगा झाला तो वैशाखात, म्हणजे मृगाच्या तोंडावर, बी मागावयास ओट्यावर जाण्याचे दिवस जवळ आले असताना. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

सरकारला जाग आली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा सगळा हिशेब उकरून पाहण्याची मुभा दिली. १८८४ च्या कायद्याने बैल-बियाण्यासाठी तगाई मिळू लागली. पण तगाई अर्जावर चाले आणि पाऊस अर्जाची वाट पाहत नाही. १९०४ पासून सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, त्याची फळे या जिल्ह्याने पुढे उसात पाहिली.

बियाण्याचा खरा पालट १९६० नंतर झाला. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम, १९६४ मध्ये संकरित ज्वारी, १९६५ मध्ये संकरित बाजरी, १९६६ मध्ये बियाण्यांचा कायदा. पीक वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित बी घरी धरून ठेवले तर पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. शिवाय १९७० नंतरच्या काही वर्षांत त्या बाजरीवर केवडा रोग असा पडला की संकरित म्हणताच शेतकरी दचकू लागला. कणगीतले बी गेले आणि पिशवीतले आले. मूग, मटकी, हुलगा, हरभरा ही मंडळी मात्र या फेऱ्यातून सुटली. त्यांच्या फुलात परागसिंचन आपल्याआपणच होते, म्हणून घरच्या दाण्यातून तसाच दाणा येतो. स्वस्त मोडाची किल्ली येथे आहे.

ती किल्ली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कळसूबाईच्या परिसरात, एका शाळा न शिकलेल्या बाईंनी नीट सांभाळली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे नाना प्रकार, भात, भाज्या असे गावठी बियाणे मडक्यांतून, राखेतून जपले. बाएफ संस्थेची साथ मिळाली, आसपासच्या बाया जमल्या, घरातच बियाण्याची बँक उभी राहिली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले आणि बीजमाता म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. मला सर्वांत विलक्षण वाटली ती त्यांच्या बँकेची अट: नेले त्याच्या दुप्पट बी परत आणून द्यावयाचे.

म्हणजे दिढीपेक्षाही जबर! मग कोणी वह्या कशा जाळल्या नाहीत? हिशेब पाहा. मूठभर वालाचा वेल मांडवावर चढला की शेंगांची टोपली भरते. त्यातून दोन मुठी काढून देणे म्हणजे काहीच नाही. या दुपटीला खावटी चिकटलेली नाही, सारा चिकटलेला नाही, दाण्याचे रुपये आणि रुपयांचे दाणे होत नाहीत. परत आलेल्या दोन मुठींतून आणखी दोन घरांच्या परसात वेल चढतात. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ते छापाच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

आता उसळीकडे येतो. पुष्कळ लोक ‘मोडासाठी बी’ म्हणून थेट कृषी सेवा केंद्रात जाऊ पाहतात. तसे कदापि करू नये. पेरणीच्या पिशवीतील दाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. त्याचा गुलाबी-लाल रंग हीच धोक्याची खूण. तो दाणा मातीसाठी, पोटासाठी नव्हे. खाण्याचेच धान्य घ्यावे, पण यंदाचे, तेल-पॉलिश न लावलेले. शंभर दाणे मोजून रात्रभर भिजवावेत, ओल्या फडक्यात बांधावेत. दुसऱ्या दिवशी नव्वदाच्या पुढे मोड दिसले तर पोते घ्यावे. गणंग फार निघाले तर दुकानदार कितीही गोड बोलो, पुढे जावे. आणि मोड कच्चेच खाण्याची नवी हौस थोडी आवरावी. २०११ साली जर्मनीत मेथीच्या दूषित बियांच्या मोडांनी पन्नासांहून अधिक माणसे दगावली. आपल्या फोडणीचे आणि उकळीचे महत्त्व तेव्हा मला नव्याने पटले.

भावाचे म्हणाल, तर अर्धा भाव पुडीचा, दलालीचा आणि प्रमाणपत्राचा असतो. दोन एकरवाल्याला एकट्याने प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही. गटाने एकमेकांची शेते तपासून प्रमाणित करण्याची सोय आता आहे, ती जेथे असेल तेथे विचारावी. आमच्या ओळखीतली नऊ घरे मिळून पारनेरच्या बाजूच्या एका शेतकरी जोडप्याकडून मटकी आणि हुलगे घेतात. पैसे सुगीला नव्हे, पेरणीआधी ज्येष्ठातच देतात. भाव दोघांनी बसून ठरविलेला. मटकीचे बी एकरी पाचेक किलो आणि बरा पाऊस झाला तर पीक दीड क्विंटलपर्यंत, तेव्हा नऊ घरांना एक एकर पुरून उरतो. पाऊस गेला तर तेवढे पैसे पुढच्या वर्षावर जातात, व्याज नाही. धान्य आले की कडक उन्हे देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यांत भरतो. त्या घरच्या बाईंनी पहिल्याच वर्षी बजावून ठेवले आहे, की रास झाली म्हणजे पहिल्या दोन पायल्या बियाण्याला बाजूला निघतील. त्या तुमच्या वजनात धरू नका.