धर्माचा दवाखाना आणि हक्काची खाट



आपल्या भाषेत 'धर्म' या शब्दाला एक जुना घरगुती अर्थ आहे. दारात उभा असलेला भिक्षेकरी 'धर्म करा' म्हणतो, तेव्हा तो आपल्याला देव बदलायला सांगत नसतो, भाकरी मागत असतो. फुकट मिळालेली वस्तू ती धर्माची. फुकट औषध देणारा तो धर्मार्थ दवाखाना, आणि त्याच्या विश्वस्तांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी तो धर्मादाय आयुक्त. श्रद्धा आणि दान यांना आपण एकाच शब्दात बांधून टाकले आहे. त्यामुळे आजाऱ्याला औषध देण्याचा प्रश्न निघाला की त्याच्या मागोमाग श्रद्धेचा प्रश्न येतो, आणि श्रद्धेच्या मागोमाग राजकारण येते. हरसूलच्या बाजारपेठेतही ही चर्चा तुम्ही ऐकली असेल. कोणी म्हणतो, औषधाच्या मिषाने माणसे फोडली जातात. कोणी म्हणतो, आम्ही प्रार्थनेने बरे झालो, तुमचे काय गेले? तिसरा मुकाट्याने भगताकडे जातो. हा वाद नवा नाही. तो आपल्या प्रांतात एकदा फार मोठ्या माणसांमध्ये झाला, आणि त्यातून काय शिकावे हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

आरंभ 1863 पासून करतो. त्या साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, असा त्या घराचा शिरस्ता होता. आलेल्या बाईला प्रायश्चित्त सांगितले जात नव्हते, की कोणत्या देवाचे नाव घ्यायला लावले जात नव्हते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

यानंतर 26 वर्षांनी, 11 मार्च 1889 रोजी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनासाठी पैसा मुख्यतः अमेरिकेतून येत होता. सदनात धर्माची शिकवणूक द्यायची नाही या अटीवर रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार झाली. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, दार बंद करून घेत नसत, आणि काही मुली त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने यावर कडाडून टीका केली. 1893 मध्ये रानडे व भांडारकर सल्लागारपद सोडून बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंना सदसद्विवेक होता, हे आपण आज शांतपणे मान्य केले पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर बळजबरी करीत नाही, पण माझा देव मी दाराआड लपवून का ठेवू? विरोधकांचे म्हणणे असे की, जिला दुसरे छप्पर नाही, तिच्यासमोर उघडे ठेवलेले दार हीदेखील एक बळजबरीच आहे. दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. मला खटकते ते निराळेच. दात्याच्या श्रद्धेविषयी आणि समाजाच्या प्रतिष्ठेविषयी रकानेच्या रकाने भरले गेले. ज्यांच्यासाठी हे घर होते, त्या मुलींना काय हवे आहे, हे विचारणारा मात्र विरळा. टीकेपेक्षा धोंडो केशव कर्व्यांनी केले ते अधिक मोलाचे होते. याच सदनात शिकलेल्या विधवेशी, गोदूबाईंशी, त्यांनी 1893 मध्ये पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये विधवांसाठी दुसरा आश्रम काढला. दुसरे दार उघडले की पहिल्या दारातली बळजबरी आपोआप कमी होते.

इतक्यात प्लेग आला. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर व्हिएगस यांनी रोग ओळखला. सरकारने रोग्यांना उचलून इस्पितळात नेण्यास सुरुवात केली. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, तेथे अन्न कोणाच्या हातचे खावे लागते कोण जाणे, मेल्यावर प्रेताचे काय करतात कोण जाणे, असे भय कामगारवस्तीत पसरले. ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मी कामगार चळवळीतला माणूस आहे. आमच्या पूर्वजांनी दवाखाना फोडला ही गोष्ट मला भूषण म्हणून सांगता येणार नाही. परंतु त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणेही मला पटत नाही. ज्या सरकारने चाळीत कधी नळ दिला नाही, ते एकाएकी आपल्या बायकोला उचलून नेण्यासाठी डोलीसह दारात उभे राहते, तेव्हा त्याच्या हेतूवर माणसाने विश्वास ठेवावा कशाच्या बळावर?

4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा 2020 मध्ये करोनाच्या वेळी आपल्यावर लागू झाला होता. या कायद्याच्या बळावर पुण्यात रँडच्या कमिटीने घरोघर झडत्या सुरू केल्या. गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, बायामाणसांची तपासणी झाली. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. धर्म भ्रष्ट केल्याचा राग दामोदर चापेकरांच्या जबानीत उघड आहे. म्हणजे आरोग्याचा प्रश्न श्रद्धेच्या वाटेने थेट राजकारणात आणि फाशीच्या तख्तापर्यंत जाऊन पोहोचला.

आता एक गंमत पाहा. चार वर्षांपूर्वी ज्या दोन बाजू एकमेकींचे तोंड पाहत नव्हत्या, त्या 1897 मध्ये एकाच गोष्टीविरुद्ध लिहीत होत्या. 'केसरी'तून टिळक प्लेगच्या जुलमावर लिहीत होते, आणि 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात रमाबाई पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची काय दैना होते ते लिहीत होत्या. हिंदूंचे पुढारी आणि ख्रिस्ती झालेली विदुषी, दोघांची तक्रार एकच होती: आजाऱ्याला कोणी माणूस म्हणून विचारीत नाही. देव निराळे असले तरी रोग्याच्या उशाशी बसले की सदसद्विवेक एकच बोलतो.

टिळक नुसती टीका करून थांबले नाहीत. पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मुंबईतही निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली इस्पितळे काढली. जेथे आपल्या हातचे पाणी आणि आपल्या रीतीचे अन्न मिळते, तेथे घाबरलेली माणसे जाऊ लागली. रोग्याच्या श्रद्धेचा मान राखला तर वैद्यकाचे काम सोपे होते, हा त्या साथीचा मोठा धडा आहे. परंतु या व्यवस्थेला एक भोक होते. ज्या जातीपाशी फंड होता तिचे इस्पितळ झाले. ज्यांच्यापाशी फंडही नव्हता आणि ज्यांना दुसऱ्याच्या इस्पितळाचा उंबरठाही ओलांडता येत नव्हता, त्यांनी कोठे जावे?

याचे उत्तर पुण्याबाहेर हडपसरकडच्या एका माळावर मिळते. बालहत्या प्रतिबंधक गृहातले ते मूल आता डॉक्टर यशवंतराव झाले होते. लष्करातल्या नोकरीवरून त्यांना आईने बोलावून घेतले आणि मायलेकरांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. त्यातच त्यांना रोग लागला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. यशवंतरावही 1905 मध्ये प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना गेले. हे दोघे सत्यशोधक होते, निर्मिकाला मानणारे होते. म्हणजे श्रद्धा त्यांनाही होती. पण ती त्यांच्या पायांत होती, रोग्याच्या वाटेत नव्हती.

यावरून कोणी म्हणेल की धर्माच्या माणसांनी दवाखान्यात येऊच नये. तसे माझे म्हणणे नाही. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी मिशनचे इस्पितळ उभे केले, त्याने पिढ्यान्‌पिढ्यांना जीवदान दिले. गाडगेबाबांनी आपल्या नाशकात, पंढरपुरात, मुंबईत धर्मशाळा बांधविल्या. रोग्याबरोबर मुंबईला गेलेल्या गरिबाला त्यांचा केवढा आधार झाला, ते रस्त्यावर रात्र काढलेल्यालाच कळेल. ही श्रद्धेची फळे आहेत आणि ती गोड आहेत.

भीती निराळ्या जागी आहे. 1956 मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेशात, ज्यात आपला विदर्भही होता, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मिशनऱ्यांच्या कामावर अहवाल दिला. वैद्यकीय सेवेचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून करण्यास कायद्याने बंदी असावी, अशी शिफारस त्यात होती. त्यावर देशभर वाद झाला. आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरात, नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा खुद्द नियोगींनीही ती घेतली! काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. पोट भरलेल्या, शरीर धड असलेल्या, शिकलेल्या माणसाने विचार करून देव बदलला तर तो त्याचा अधिकार. तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईपुढे मात्र एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात अट धरू नये. ही अट मिशनची असो, मठाची असो, की मतांसाठी दवाखान्याचे शिबिर भरविणाऱ्या पुढाऱ्याची असो, तिची जात एकच.

पण नुसत्या बंदीने हे साधेल काय? आपल्या डोंगरातून आजाऱ्याला झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते, मग त्र्यंबकेश्वरावरून नाशिक गाठावे लागते. अशा वाटेवर जो पहिला भेटेल, मग तो भगत असो की पाद्री असो की महाराज, त्याचाच हात माणूस धरतो. त्याला दोष देण्याआधी, त्या वाटेवर पहिला भेटणारा माणूस डॉक्टर का नव्हता, असे आपण विचारले पाहिजे. कर्व्यांनी दुसरे दार उघडले, तसे सरकारने आणि समाजाने तेथे दार उघडले पाहिजे.

हे दार म्हणजे हक्क. 1948 मध्ये कामगार राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगाराच्या पगारातून थोडे कापले जाते, मालक त्याहून अधिक भरतो, आणि आजारपणात कामगार खिडकीपाशी ताठ मानेने उभा राहतो. तेथे त्याला कोणी देव विचारीत नाही, आणि त्यालाही कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. पण शेतमजूर या योजनेबाहेर राहिला, आणि आपल्या भागातला मजूर बहुतेक शेतमजूरच. त्याच्यासाठी आधार मिळाला तो 1996 साली. बंगालमधील शेतमजुरांच्या एका संघटनेचा सभासद रेल्वेतून पडला आणि एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून त्याला परत पाठविले. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. जिवावर बेतलेल्या माणसाला सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार नाकारणे हा घटनेच्या 21व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल झाला. आणि 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने योजना घालून दिली की, धर्मादाय इस्पितळांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, आणि बिलांतील 2 टक्के रक्कम त्यासाठी बाजूला काढावी.

एक अनुभव सांगतो. द्राक्षबागेत कामाला गेलेल्या आमच्या एका गड्याला छातीत कळ आली, म्हणून त्याला एका मोठ्या इस्पितळात नेले. पाटीवर धर्मादाय असे लिहिलेले होते. खिडकीवरचा मनुष्य म्हणाला, "अर्ज करा, विश्वस्तांची इच्छा झाली तर बघू." गड्याची म्हातारी आई हात जोडून, "दादा, धर्म करा," म्हणू लागली. मी तिचे हात खाली केले आणि 2006 च्या योजनेचा कागद खिडकीत ठेवला. तासाभराने खाट मिळाली. बाहेर आल्यावर म्हातारी मला म्हणाली, "बाबा, देवमाणूस भेटला." तो देव नव्हता, कायदा होता, हे तिला समजावून सांगायला मला फार वेळ लागला. अजून पटले आहे असे वाटत नाही.

आपल्यात एक म्हण आहे: धर्माची गाय आणि दात का गे नाय. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत असा तिचा अर्थ. दान घेणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही. खाटेवर चादर का नाही, डॉक्टर आज का नाहीत, औषध बाहेरून का आणायचे, असे विचारले की तो कृतघ्न ठरतो. म्हणून मी म्हणतो की, दाते असावेत, सेवाभावी संत असावेत, मिशन असावे, मठ असावेत. पण गरिबाचा जीव त्यांच्या मर्जीवर टांगलेला नसावा. खाट हक्काची झाली तर दात्याची श्रद्धा निर्मळ राहील, कारण तिच्यावर कोणी संशय घेणार नाही. आणि रोग्याची श्रद्धाही त्याची स्वतःची राहील, कारण ती कशाच्या बदल्यात गहाण पडलेली नसेल.

हक्काच्या गाईचे दात मोजता येतात. ते मोजायला आपण शिकले पाहिजे.