व्हॉट्सअॅप स्टेटस, खासगीपणा आणि कानोकानी पसरणारी बातमी : कोल्हापूरचा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत दोन मोठी प्रकरणे मोबाईलवरच्या स्टेटसमधून उभी राहिली. एकात शहर बंद पडले, दगडफेक झाली आणि इंटरनेट थांबवावे लागले. दुसऱ्यात एका प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला आणि तो रद्द करून घेण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. चळवळीत काम करणाऱ्या आपल्या तरुणांच्या हातातही तोच मोबाईल आहे. म्हणून या घटना, त्यामागची यंत्रणा आणि संबंधित कायदा यांची माहिती येथे एकत्र देत आहोत.

जून २०२३ : स्टेटस काहींचे, दगड सगळ्यांवर

६ जून २०२३ रोजी, शिवराज्याभिषेक दिनी, कोल्हापुरात काही तरुणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरून तणाव निर्माण झाला. त्यात औरंगजेबाचे उदात्तीकरण असल्याचा आक्षेप होता. दुसऱ्या दिवशी हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला. शिवाजी चौकात मोठा जमाव जमला आणि शहरात दगडफेक सुरू झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले. स्टेटसवरून ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती.

स्टेटस ठेवणारे मूठभर होते. पण ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या दुकानांवर आणि घरांवर दगड पडले. एकाच्या मोबाईलचा हिशेब अख्ख्या वस्तीकडून मागितला जातो, हे आपल्याला नवे नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाल्याचे प्रकरण राज्यभर गाजले होते.

हातकणंगले : प्राध्यापकाचे प्रकरण

माणगाव परिषदेमुळे (२१ व २२ मार्च १९२०) आपल्या इतिहासात ठळक असलेल्या हातकणंगले तालुक्यात दुसरे प्रकरण घडले. ऑगस्ट २०२२ मध्ये जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील काश्मिरी प्राध्यापकांनी स्टेटसवर दोन मजकूर ठेवले. एकात कलम ३७० हटवल्याचा निषेध होता, दुसऱ्यात १४ ऑगस्टनिमित्त पाकिस्तानला शुभेच्छा होत्या. पालक व शिक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपचे ते सदस्य होते. हातकणंगले पोलीस ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम १५३ अ खाली गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला.

७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, असे न्यायालयाने सांगितले. एखाद्या मजकुराचा परिणाम विवेकी, खंबीर माणसाच्या नजरेतून तपासायचा. प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसाच्या नजरेतून नव्हे, हा निकष त्यात पुन्हा मांडला गेला. अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय, हे पोलिसांना शिकवण्याची वेळ आली आहे, असेही न्यायालयाने सुनावले.

निकाल बाजूने लागला, पण त्यात दीड वर्षाहून अधिक काळ गेला. पोलीस भरतीची किंवा सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलाची दरम्यान चारित्र्य पडताळणी आली, तर प्रलंबित गुन्हा तिथे आडवा येऊ शकतो. न्याय मिळेपर्यंतची ही किंमत घरातली माणसे मोजतात.

स्टेटस खासगी की सार्वजनिक?

स्टेटस चोवीस तासांनी निघून जाते आणि फक्त आपल्या ओळखीच्यांना दिसते, असा समज असतो. प्रत्यक्षात आपल्या संपर्क यादीत गल्लीतला मित्र, दुकानदार, जुना शिक्षक, विरोधी गटाचा कार्यकर्ता असे सगळेच असतात. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, कारण तो कुलूपबंद स्वरूपात जातो. पण ज्याच्यापर्यंत तो पोहोचला त्याने स्क्रीनशॉट काढला, की त्या कुलपाचा उपयोग संपतो.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यातली एक तरतूद मात्र प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावी. जी माहिती आपण स्वतःहून सर्वांसाठी उघड केली, तिला हा कायदा लागू होत नाही. फेसबुकवर सर्वांना दिसेल असा टाकलेला पत्ता, फोन नंबर किंवा मुलांचा फोटो याबाबत या कायद्याचा आधार मिळणार नाही.

कानोकानी बातमीचे बदललेले रूप

मोबाईल येण्याआधीही बातमी कानोकानी पसरायची. पण सांगणारा समोर असायचा. "तुला कोणी सांगितलं?" असे विचारत मूळ माणसापर्यंत जाता यायचे. फॉरवर्डमध्ये ही साखळी तुटते. मजकूर कोणाचा हे कळत नाही, पण पाठवणारा आपला मामा किंवा शाखेचा पदाधिकारी असतो. त्याच्यावरचा विश्वास आपण नकळत त्या मजकुरावर ठेवतो.

याचे सर्वांत भीषण उदाहरण धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणण्याचे जाहीर केले. अफवेचा बळी कोण ठरतो, हे इथे दिसते. ज्याला गावात ओळख नाही, ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही, तोच.

केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश नेमका याच प्रश्नावर आहे. गोष्ट ऐकीव आहे, किंवा सांगणारा आपला आदरणीय आहे, एवढ्यावर ती मानू नका. तिचा परिणाम हितकारक की अहितकारक हे स्वतः तपासा, असा त्याचा आशय आहे. हीच कसोटी आपल्या ग्रुपवरच्या प्रत्येक फॉरवर्डला लागू पडते, तो आपल्याच नेत्याने पाठवला असला तरी.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

१. पीडितेची ओळख : बलात्कार पीडितेचे नाव किंवा ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मूल असेल तर पोक्सोचे कलम २३ लागू होते. पीडिता हयात नसली तरीही हे बंधन राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. निषेध मोर्चाच्या बॅनरवर, स्टेटसवर फोटो लावणारे बहुतेक जण न्यायाच्या तळमळीनेच तसे करतात. पण त्या घरातल्या बहिणींना त्याच गावात राहायचे असते.

२. ग्रुप अॅडमिन : सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, त्यामागे समान हेतू किंवा पूर्वनियोजन असावे लागते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. तरीही द्वेषाचा मजकूर दिसताच तो काढणे आणि ग्रुपवर तसे लिहिणे शहाणपणाचे.

३. सेटिंग : व्हॉट्सअॅपच्या 'प्रायव्हसी' भागात स्टेटस कोणाला दिसावे आणि ग्रुपमध्ये आपल्याला कोण जोडू शकते, हे ठरवता येते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवावे.

४. याद्या : शिबिरार्थींचे नाव, पत्ता, फोन नंबर असलेले कागद फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत. मोठ्या ग्रुपमध्ये मुलींचे नंबर सर्वांना दिसतात, याचाही विचार करावा.

५. लाईक आणि शेअर : नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती फक्त लाईक केली होती. त्यानंतर आव्हान दिलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. मात्र कलम १५३ अ ची तरतूद आता न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये कायम आहे.

या सगळ्याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. 'मूकनायक' काढणाऱ्या बाबासाहेबांच्या समाजाला गप्प बसणे शोभणारही नाही. सरकारवर टीका करा, अन्यायाची बातमी पोहोचवा. पण जे लिहाल ते स्वतःच्या नावाने, खात्री करून आणि न्यायालयात उभे राहून समर्थन करता येईल असे लिहा. आपल्या एका बोटाने दुसऱ्याची वस्ती पेटणार नाही, एवढी काळजी आपण प्रत्येकाने घ्यायची आहे.