मौन, संमती आणि व्याप्ती : देसाईगंज ते जयपूर

१

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची कथा आहे. मौनव्रत धारण केलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोर चोरीच्या मालासह येऊन लपतात. त्यांचा माग काढत आलेले राजाचे रक्षक ऋषीला विचारणा करतात. तो काहीच बोलत नाही. झडतीत माल सापडतो, चोरही सापडतात. ऋषीच्या न बोलण्याने संशय बळावतो आणि राजाज्ञेने त्याला चोरांबरोबर सुळी दिले जाते. बृहस्पतीच्या नावावर असलेल्या व्यवहारविषयक वचनांतही मांडव्याचा उल्लेख येतो. युक्तीवाचून केलेल्या न्यायविचाराने जो चोर नाही तोही चोर ठरतो, या विधानाला तेथे त्याचाच दाखला दिलेला आहे.

या कथेत एकही साक्षीदार खोटे बोलत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माल आश्रमात होता, चोर आश्रमात होते आणि ऋषी गप्प होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चूक आहे ती या खऱ्या गोष्टींवरून निष्कर्षाकडे नेणाऱ्या पायरीत. न्यायनिर्णयांची चर्चा सामान्यतः साक्षीपुराव्याच्या खरेखोटेपणाभोवती फिरते आणि ही पायरी दुर्लक्षित राहते. महाराष्ट्रातील देसाईगंज आणि राजस्थानातील जयपूर या दोन ठिकाणांशी निगडित असलेल्या, सतरा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन निकालांतील ही पायरी तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. दोन्ही खटले बलात्काराच्या आरोपाचे होते आणि दोन्हींच्या निकालानंतर भारतातील कायदा बदलला.

२

ही तपासणी करण्यासाठी न्यायशास्त्राने घडवलेली परिभाषा उपयोगी पडते. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ (१८७५) आणि यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती (१८९७) या दोन ग्रंथांमुळे आधुनिक अभ्यासकांना ती सुलभ झाली. अनुमानाचा प्राण व्याप्ती होय. जेथे धूर तेथे अग्नी, हे साहचर्य अव्यभिचारी असल्यामुळे धुरावरून अग्नीचे अनुमान होते. हेच वाक्य उलटवून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हटले की ते कोसळते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धुरासाठी नुसता अग्नी पुरत नाही, ओले सरपण लागते. या ओल्या सरपणाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. जो साध्याला व्यापतो पण हेतूला व्यापत नाही, तो उपाधी. व्याप्ती सांगताना उपाधी दडवला गेला की हेतू सदोष होतो. तो हेतूसारखा दिसतो, परंतु असतो तो हेत्वाभास.

या परिभाषेचा आधुनिक न्यायालयाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातच सापडते. त्यातील कलम ११४ अन्वये, नैसर्गिक घटनाक्रम आणि मानवी वर्तन यांचा सर्वसामान्य ओघ लक्षात घेऊन एखादी गोष्ट घडली असावी, असे न्यायालयाला गृहीत धरता येत होते. हा अधिकार आवश्यकच होता, कारण त्यावाचून कोणताही निवाडा करता येणार नाही. परंतु ‘मानवी वर्तनाचा सर्वसामान्य ओघ’ म्हणजे दुसरे काय? ती एक व्याप्तीच होय. ती कोणी, कोणाच्या वर्तनावरून आणि कोणत्या उदाहरणांच्या आधारे ठरवली, हे विचारण्याची सोय मात्र कलमात नव्हती. अग्नी आणि धुराच्या बाबतीत हा प्रश्न अडत नाही. माणसाच्या बाबतीत तो अडतो.

३

२६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका तक्रारीच्या निमित्ताने मथुरा नावाची एक आदिवासी मजूर मुलगी आणली गेली. जबाब झाल्यावर तिच्याबरोबरच्या माणसांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि तिला मात्र आत थांबवण्यात आले. नंतर दोन पोलिसांवर आरोप ठेवला गेला. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि दोघांना दोषी ठरवले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी, ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले.

तिन्ही न्यायालयांपुढे घटना तीच होती आणि साक्षीही त्याच होत्या. फरक पडला तो व्याप्तीत. सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्वायुष्याला महत्त्व दिले. हे विषयांतर होते. न्यायसूत्रांत वादात पराभव ठरवणारी जी बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत, त्यांतील ‘अर्थांतर’ ते हेच. म्हणजे प्रस्तुत मुद्दा सोडून भलत्याच गोष्टीकडे वळणे. मराठी वाचकाला हे वळण अपरिचित नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात लुटुपुटीचा खटला बघता बघता बेणारेबाईंच्या चारित्र्याची चौकशी होऊन बसतो आणि ज्या भ्रूणहत्येचा आरोप तिच्यावर असतो, तीच शेवटी शिक्षा म्हणून फर्मावली जाते. आरोप एका गोष्टीचा आणि चौकशी दुसऱ्याच गोष्टीची, हा त्या नाटकाच्या रचनेचा कणाच आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा युक्तिवाद अधिक सूक्ष्म होता. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. म्हणून तिने प्रतिकार केल्याचे म्हणणे खोटे. पोलिसाने हात धरून नेताना तिने जवळच असलेल्या आपल्या माणसांकडे दाद मागितली नाही; म्हणून तिला भीती वाटत नव्हती. प्रतिकार नाही आणि भीतीही नाही, म्हणून संमती. पहिल्या पायरीत ‘जेथे प्रतिकार तेथे जखम’ ही व्याप्ती गृहीत आहे. ती व्यभिचारी आहे, कारण जखमेवाचूनही प्रतिकार असू शकतो. शेवटच्या पायरीत तर व्याप्ती उलटवलेली आहे. ‘जेथे संमती तेथे प्रतिकाराचा अभाव’ हे मान्य करता येईल. त्यावरून ‘जेथे प्रतिकाराचा अभाव तेथे संमती’ असे म्हणणे म्हणजे अग्नीवरून धुराचे अनुमान करणे होय. येथला दडवलेला उपाधी स्वातंत्र्य हा आहे. जेथे संमती असते तेथे स्वातंत्र्य असतेच. जेथे प्रतिकार नसतो तेथे ते असेलच असे नाही. रात्रीचे पोलीस ठाणे, समोर गणवेशातला माणूस आणि आत थांबण्याचा हुकूम, या परिस्थितीत मुकाट राहणे हा तप्त लोहगोल आहे. त्यात धूर शोधणे व्यर्थ.

नागपूर खंडपीठाने हा भेद ओळखला होता. निष्क्रिय शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे त्याने स्पष्ट केले होते. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उद्देशून लिहिलेल्या खुल्या पत्रात हाच भेद पुन्हा मांडला गेला. संमतीत शरण जाणे अंतर्भूत असते, परंतु शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हा त्या पत्राचा तार्किक गाभा होता. न्यायशास्त्राचा कोणताही पारिभाषिक शब्द न वापरता त्या पत्राने उलटवलेली व्याप्ती सुलटी केली.

१९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पुरावा अधिनियमात कलम ११४-अ घातले गेले. कोठडीतील बलात्कारासारख्या विशिष्ट प्रकारांत, शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले असेल, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. म्हणजेच जो उपाधी निकालपत्रात दडून राहिला होता, तो कायद्यानेच उघडपणे सांगितला.

४

तथापि एका ठिकाणचा उपाधी उघड झाला म्हणून सदोष व्याप्तींचा साठा संपत नाही. जयपूरचा खटला याची साक्ष देतो. जयपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील भटेरी या गावी भंवरी देवी या राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत होत्या. त्या कुंभार समाजाच्या. १९९२ साली त्यांनी गावातील एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी २२ सप्टेंबर रोजी, पतीबरोबर शेतात असताना पाच पुरुषांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तक्रार त्यांनी नोंदवली. वैद्यकीय तपासणी होण्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागला. १९९३ च्या डिसेंबरात जामीन नाकारताना राजस्थान उच्च न्यायालयाने, सूड म्हणून हा सामूहिक बलात्कार झाला असल्याचे मत नोंदवले होते. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या जिल्हा व सत्र न्यायालयाने मात्र पाचही जणांना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले आणि केवळ किरकोळ गुन्ह्यांसाठी शिक्षा दिली.

निकालातील ज्या कारणांची त्या वेळी आणि पुढेही सर्वाधिक चर्चा झाली, ती अशी : उच्च जातीचा पुरुष खालच्या मानलेल्या जातीच्या स्त्रीला स्पर्श करून स्वतःला विटाळून घेणार नाही, वेगवेगळ्या जातींचे पुरुष, किंवा नात्याने काका-पुतणे असलेले पुरुष, असे कृत्य एकत्र करणार नाहीत, वयाने प्रौढ माणसे असे वागणार नाहीत, आणि पती हे घडताना पाहत राहणार नाही.

देसाईगंजच्या खटल्यात व्याप्ती शरीराविषयी होती. येथे ती समाजाविषयी आहे. तेथे ‘काय होते’ यावरून चुकीचे अनुमान झाले. येथे ‘काय होऊ नये’ यावरून ‘काय झाले नाही’ हे ठरवले गेले. व्याप्तीचे ज्ञान साहचर्याच्या दर्शनातून आणि व्यभिचाराच्या अदर्शनातून होते, असे नैयायिक सांगतात. वरील चारही विधाने मात्र निरीक्षणातून आलेली नाहीत. ती आचारधर्मातून, विटाळाच्या निषेधातून आणि कुटुंबातील मर्यादांच्या कल्पनेतून आलेली आहेत. निषेधाला येथे वस्तुस्थितीचे रूप मिळाले.

हा दोष केवळ व्यभिचारापुरता नाही. जे घडण्याची शक्यता असते त्याचाच निषेध केला जातो, हे मीमांसकांचे प्रसिद्ध तत्त्व आहे. आकाशात अग्नी पेटवू नये असे सांगण्याचे प्रयोजन कोणालाच पडत नाही. अमुक स्पर्श निषिद्ध असेल, तर तो घडत होता किंवा घडू शकत होता, एवढेच त्या निषेधावरून निघते. म्हणजे जो हेतू घटना अशक्य असल्याचे दाखवण्यासाठी पुढे केला, तो तिची शक्यताच सूचित करतो. नैयायिकांच्या वर्गीकरणात असा हेतू ‘विरुद्ध’ या हेत्वाभासाच्या जवळ जातो. पतीविषयीच्या विधानात तर देसाईगंजचाच उपाधी पुन्हा दडलेला आहे. संख्येने अधिक असलेल्यांनी ज्याला धरून ठेवले, त्याच्या हतबलतेचा अर्थ स्वतंत्र माणसाच्या वर्तनावरून लावता येत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संशयाचा फायदा आरोपीला मिळणे हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे आणि पुरावा अपुरा असेल तर आरोपी सुटलाच पाहिजे. आक्षेप सुटकेला नसून तिच्या कारणांना आहे. ‘पुरावा पुरेसा नाही’ आणि ‘असे घडूच शकत नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले एका खटल्यापुरते असते. दुसरे सर्वव्यापी असते आणि पुढच्या प्रत्येक तक्रारदार स्त्रीच्या विरोधात आधीच साक्ष देऊन ठेवते.

५

हाच दोष अनुकूल निष्कर्षाच्या आडही लपू शकतो. १९८३ च्या ‘भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पीडितेच्या साक्षीला दुजोरा हवाच, हा आग्रह नाकारला. निष्कर्ष न्याय्य होता. परंतु त्याच्या समर्थनार्थ भारतीय समाजातील स्त्री लज्जेच्या संस्कारामुळे असा आरोप सहसा खोटा करणार नाही, अशी व्याप्ती मांडली गेली. स्त्री अमुक करणारच नाही, हे गृहीतक तिच्या बाजूने वापरले तरी ते गृहीतकच राहते. आणि जिचे वर्तन त्या साच्यात बसत नाही, तिच्या विरोधात ते सहज फिरते.

भटेरीच्या घटनेनंतर ‘विशाखा’ व अन्य संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ साली त्यांचा कायदा झाला. या निकालपत्राची एक संहिता म्हणून ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, राजस्थानातील एका गावातल्या समाजसेविकेवरील कथित अत्याचार हे याचिकेचे निकटचे कारण म्हणून तेथे नमूद होते. परंतु त्यावर स्वतंत्र फौजदारी कारवाई चालू असल्यामुळे अधिक उल्लेख अनावश्यक ठरवला जातो. कारण विधीच्या दृष्टीने योग्यच आहे. तरीही जिच्या बोलण्यातून हा नियम जन्माला आला, ती स्त्री नियमाच्या संहितेत अनुल्लेखित राहते.

दरम्यान व्याप्तींची दुरुस्ती चालूच राहिली. तक्रारदार स्त्रीच्या सर्वसाधारण अनैतिकतेचा पुरावा देऊन तिची विश्वासार्हता खोडण्याची मुभा २००२ च्या दुरुस्ती अधिनियमाने रद्द झाली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, असे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. देसाईगंजची उलटवलेली व्याप्ती आता कायद्यानेच निषिद्ध आहे. जयपूरच्या व्याप्तींसाठी मात्र असे कलम नाही आणि बहुधा असू शकणार नाही, कारण समाजाविषयीची गृहीतके मोजून संपत नाहीत. ती ओळखण्याचे काम निकालपत्र लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे आहे.

मांडव्याच्या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. चूक कळल्यावर राजा क्षमा मागतो आणि सूळ उपसू पाहतो. तो निघत नाही म्हणून बाहेरचा भाग कापला जातो. शरीरात उरलेले टोक घेऊनच मांडव्य धर्माकडे जातो, बालपणी केलेल्या क्षुल्लक अपराधाच्या या शिक्षेचा जाब विचारतो आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याला पाप मानू नये, असा नवा नियम घालून देतो. नियम बदलतो, अणी तशीच राहते. भंवरी देवींच्या खटल्यातील सुटकेविरुद्धच्या अपिलावर २००७ पर्यंत उच्च न्यायालयात एकच सुनावणी झाली होती. तोवर पाचांपैकी दोन आरोपी मरण पावले होते.