स्वामीजींनंतर कोण? मराठवाड्यातील एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

आमच्या उदगीर तालुक्यातल्या घरी बैठकीत स्वामी रामानंद तीर्थांची तसबीर होती. आजोबा दर १७ सप्टेंबरला तिला हार घालीत. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र त्याच आजोबांनी शेतकरी कामगार पक्षाला मत दिले आणि ते चावडीवर सांगितलेही. काँग्रेसच्या स्वामीजींचा भक्त काँग्रेसच्या विरोधात कसा, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते. आज नांदेड-लातुरात ‘आता पुढे कोण?’ अशी चर्चा ऐकली, की ते पुन्हा आठवते.

हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये निघाली ती बंदी डोक्यावर घेऊनच. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि आत दबलेले मतभेद उघड झाले. एका बाजूला बुर्गुल रामकृष्ण राव यांच्यासारखे सनदशीर वळणाचे वकील, दुसऱ्या बाजूला स्वामीजी. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेला, हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवलेला हा संन्यासी. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजी निसटत्या बहुमताने जिंकले. मराठवाड्यातले तरुण त्यांच्यामागे होते आणि त्या तरुणांचे डोके म्हणजे गोविंदभाई श्रॉफ. कलकत्त्यात गणित शिकून आलेले, मार्क्स पचवलेले.

हा भांडणाचा विषय केवळ निजामाला किती वाकवायचे एवढाच नव्हता. जमीन कोणाची, हा त्याच्या खालचा प्रश्न होता. जागिरी, सर्फ-ए-खास आणि देशमुखांची वतने यांत कूळ भरडले जात होते. आजोबा कुळाचेच.

१५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींना अटक झाली. मग बाहेरून लढा चालवणाऱ्या कृती समितीचे अध्यक्ष झाले भोकरचे दिगंबरराव बिंदू. गोविंदभाईही त्याच समितीत. समोर होता लातूरला वकिली केलेला कासीम रझवी आणि त्याचे रझाकार. तेव्हा एका छावणीत सगळे मावले. पोलीस कारवाई झाली आणि पाच वर्षांच्या आत बिंदू बुर्गुल मंत्रिमंडळात गृहमंत्री होते, गोविंदभाई पक्षाबाहेर. हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वळण वाटते.

१९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला तेव्हा राज्य वेल्लोडी नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे होते. संरक्षित कूळ हा शब्द गावात पोचला, पण सातबारावर नाव चढवायला पाठीशी पक्ष लागतो, आणि पक्षाचा तो हात तुटू लागला होता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला १७५ पैकी ९३ जागा मिळाल्या, मुख्यमंत्री बुर्गुल झाले. स्वामीजी गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले, १९५७ ला औरंगाबादहून. त्याच १९५२ मध्ये बीडमधून हिप्परग्याचे जुने शिक्षक बाबासाहेब परांजपे काँग्रेसविरुद्ध, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून निवडून आले. परभणी शेकापकडे गेली. म्हणजे ज्यांच्या हाती पुरोगामी गटाची धुरा यायची, ते पहिल्याच मतदानाला समोरच्या बाकावर होते.

स्वामीजींनी स्वतः सत्तेचे पद घेतले नाही. लोक याला त्याग म्हणतात, तो होताच. पण गटाच्या दृष्टीने त्याची किंमत जबर पडली, असे माझे मत आहे. तिकीट वाटताना संन्याशाच्या नैतिक वजनाचा फारसा उपयोग होत नाही.

पक्षात राहिलेल्यांत सर्वांत पुढे गेले शंकरराव चव्हाण. स्वामीजींना गुरू मानणारे, नांदेडचे नगराध्यक्ष, पुढे ज्यांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत ते. (तेलंगणातले स्वामीजींचे शिष्य नरसिंह राव तर पंतप्रधान झाले.) शंकररावांनी जमिनीचा प्रश्न पाण्याच्या वाटेने सोडवायला घेतला. जायकवाडीचे उद्घाटन १९७६ मध्ये ते मुख्यमंत्री असतानाच झाले. पाणी आले, हे कोणी नाकारू नये. मात्र कालव्याचे पाणी ज्याच्या नावावर शेत आहे त्यालाच मिळते, आणि आमच्या मांजरा-मन्याडच्या कोरडवाहू भागाला जायकवाडी दूरच.

म्हणून १९७७ चा निकाल. राज्याचा मुख्यमंत्री नांदेडचा, आणि नांदेडची लोकसभेची जागा जिंकली कंधारच्या केशवराव धोंडग्यांनी. लातूरची जिंकली उद्धवराव पाटलांनी. दोघेही शेकापचे. या निकालात आणीबाणीचा राग होता, हे उघड आहे. पण रागावलेल्या माणसाने उत्तरेसारखे जनता पक्षाच्या उमेदवाराला नव्हे, तर कुळांच्या मोर्चात पाहिलेल्या माणसाला मत दिले. काँग्रेसचा पुरोगामी गट कोण चालवणार, याचे उत्तर मतदारांनी काँग्रेसच्या बाहेर शोधले होते. आजोबांची तसबीर आणि त्यांचे मत यांत विसंगती नव्हती.

हे फार टिकले नाही. १९८० ला नांदेडहून शंकरराव आणि लातूरहून शिवराज पाटील निवडून आले. दोन्ही जागा काँग्रेसकडे परतल्या. त्या वेळी कोणाला मत दिले, हे आजोबांनी चावडीवर सांगितले नाही. १७ सप्टेंबरचा हार तेवढा चुकला नाही.