हिंदूरावांची टेकडी आणि रोपांचा निवारा

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवरचे ‘हिंदूराव’ हे नाव आज तेथील रुग्णालयामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या नावामागचा माणूस मराठी होता, हे मात्र तेथे उपचारासाठी येणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असते. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटगे घराण्यातले; ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले आणि पुढे हिंदूरावांनी दिल्लीत बस्तान बसविले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याचा टेकडीवरील बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या लढाईत हाच बंगला इंग्रजांचे मोक्याचे ठाणे बनला आणि तोफांच्या माऱ्याने खिळखिळा झाला. तोवर हिंदूराव हयात नव्हते; नाव मात्र त्या मातीत रुजले ते कायमचे.

परक्या मातीत रुजण्याची ही कथा वनस्पतींच्या इतिहासातही वारंवार भेटते. त्याच काळात लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरला आढळले की, काचेच्या बंद पेटीत ओलावा टिकतो आणि कोवळी रोपे दीर्घ प्रवासातही जगतात. रॉबर्ट फॉर्च्यूनने अशाच पेट्यांमधील मातीत चीनमधील चहाचे बी पेरले. ते वाटेतच उगवले आणि १८५१ मध्ये हजारो रोपे सहारनपूरच्या सरकारी बागेपर्यंत पोहोचली. बी पेरावे निवाऱ्यात आणि रोप लावावे मोकळ्या रानात, या जुन्या शहाणपणाला काचेची जोड मिळाली.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या निवाऱ्याची निकड एवढी भासत नाही. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे रोप तो उघड्यावरच्या गादीवाफ्यावर तयार करतो. दिल्लीचे हवामान इतके सौम्य नाही. जानेवारीत रात्रीचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत दुधी, काकडी, कारले यांचे बी जमिनीत उगवण्याऐवजी कुजते. यमुनेच्या वाळवंटात वेलभाज्या पिकविणारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वायव्येच्या बोचऱ्या वाऱ्याकडे गवताच्या ताट्या उभ्या करीत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न असतो. बाजारात पहिली येणारी काकडी चार पैसे अधिक मिळवून देते. सर्वांचा माल एकदम आला की भाव कोसळतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी संस्थाही दिल्लीत बाहेरूनच आली. बिहारमधील पुसा या गावी १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेची इमारत १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली. १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलविण्यात आली आणि गावाचे नावही सोबत आले. हिंदूरावांप्रमाणेच ‘पुसा’ हेही दिल्लीत रुजलेले परगावचे नाव. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातील ज्वाला मिरची ही मुळात ‘पुसा ज्वाला’, याच संस्थेची देणगी.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या संस्थेत इस्रायलच्या सहकार्याने संरक्षित शेतीचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली, कप्प्यांच्या ट्रेमध्ये रोपे वाढविण्याची पद्धत पुढे आली. ट्रेमध्ये माती नसते. नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट, पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट यांचे ३ : १ : १ असे मिश्रण असते. मातीतील बुरशीमुळे रोपे कोलमडण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी होतो. संकरित बियाणे महाग असते. एकेक बी मोलाचे, म्हणून हा लाभ लहान नव्हे. शिवाय वाफ्यातून उपटताना मुळे तुटतात, ट्रेमधून मात्र रोप मुळांच्या गड्ड्यासह निघते. वेलभाज्यांची मुळे फार नाजूक. त्यामुळे पूर्वी त्यांचे बी थेट शेतातच टोकावे लागे. आता जानेवारीत आच्छादनाखाली पेरलेले बी महिनाभरात रोप होऊन फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी ओसरताच, शेतात जाते आणि पीक महिना-दीड महिना आधी हाती येते.

हीच रीत घरच्या सज्जातही चालते. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स या हिवाळी फुलांचे बी दिल्लीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, सावलीतल्या उथळ कुंडीत पेरतात. बी बारीक असल्याने ते वाळूत मिसळून विखरावे आणि पाणी झारीने हलकेच द्यावे. अंकुर दिसताच कुंडी उजेडात आणावी. अंधारात रोपे उंच वाढतात, पण काडीसारखी कृश होतात.

या साऱ्या व्यवहारातील सर्वांत कठीण टप्पा शेवटचा असतो. लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी कमी करायचे, आच्छादन हळूहळू दूर करायचे आणि रोपाला ऊन-वाऱ्याची सवय लावायची. हे टाळून थेट शेतात लावलेले रोप पहिल्याच उन्हात माना टाकते. फार लवकर उघडे केले तर थंडी त्याला मारते, फार काळ झाकून ठेवले तर ते दुबळे राहते. केव्हा झाकावे आणि केव्हा उघडावे, हे जाणणाऱ्याच्या हातची रोपे जगतात. साठ वर्षे मुलांना वाढवून बाहेरच्या जगात पाठविणाऱ्या शाळेला आणि तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या पालकांना हे निराळे सांगायला नको.