विचारणारा हवा

मंडळी, एकट्याने शिकणं आपल्या खानदेशात जुनंच आहे. १९९० साली जळगावला विद्यापीठ झालं, तोपर्यंत जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. नोकरी सांभाळून बहिःस्थ परीक्षा देणारे आमच्या शिक्षकांतच कितीतरी. पुस्तकं आणायची, पाठ करायची, पेपर लिहायचे. विचारणारं कोणी नाही! १९८९ ला नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, त्याबरोबर अभ्यासकेंद्रं आली आणि 'समंत्रक' आले. शब्द मला फार आवडतो.

धुळ्याला संगणकशास्त्र शिकणाऱ्या नातवाला यंदा एका विषयाला तासच नाहीत. विषय आपण निवडायचा, वाचायचं, प्रोग्राम लिहायचा, आठवड्याला सरांना दाखवायचा, शेवटी तोंडी परीक्षा. आता प्रोग्राम यंत्रही लिहून देतं म्हणे. म्हणूनच एखाद्या ओळीवर बोट ठेवून "ही काढली तर काय होईल?" असं विचारणारे सर हवेत. तो वेळ सरांना मिळतो का, हा खरा प्रश्न.

विचारणारा गोडच बोलेल असं नाही. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना घरी बसून लिनक्स लिहायला घेतलं. ज्यांच्या पुस्तकावरून तो शिकला, त्या टॅनेनबॉम सरांनी १९९२ मध्ये जाहीरपणे सुनावलं, की ही रचना कालबाह्य आहे. माझा विद्यार्थी असतास तर चांगले गुण मिळाले नसते. पोरगा चिडला, पण मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देत राहिला. तेच लिनक्स आज अँड्रॉइडच्या पोटात, म्हणजे तुमच्या-आमच्या बऱ्याच मोबाइलमध्ये आहे.