हरिणशिकारीची रायफल (अमेरिका)

हरिणशिकारीची रायफल म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरणांच्या, मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, परवानाधारक शिकारीसाठी वापरली जाणारी रायफल होय. हा शस्त्रांचा स्वतंत्र तांत्रिक वर्ग नाही. जनावर एका गोळीत लवकर मरेल इतकी ताकद, ती गोळी हृदय व फुप्फुसे यांच्या भागात नेमकी बसेल इतकी अचूकता आणि सर्वसाधारण उत्पन्नाच्या माणसाला परवडेल अशी किंमत, या तीन अटी पूर्ण करणाऱ्या रायफलींना व्यवहारात हे नाव दिले जाते. रायफल व तिचे कॅलिबर यांची निवड एकत्रच करावी लागते. या निवडीत ताकदीपेक्षा नेम अधिक महत्त्वाचा मानला जातो, कारण चुकीच्या जागी गोळी लागलेले हरीण दूरवर पळून जाते आणि कित्येक तासांनी मरते.

पार्श्वभूमी

मराठीत ‘हरीण’ हा शब्द काळविटासारख्या कुरंगांनाही लावला जातो. प्रस्तुत लेखात तो दरवर्षी शिंगे गळून पडणाऱ्या सारंग कुलातील प्राण्यांपुरता वापरला आहे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचे हरीण सर्वांत विपुल आहे. पश्चिमेकडील डोंगराळ व कोरड्या प्रदेशात म्यूल हरीण आढळते.

एकोणिसाव्या शतकात मांस व कातडी यांच्या व्यापारासाठी बेसुमार शिकार झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी केली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली व काडतुसे यांवरील ११ टक्के अबकारी कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे वळवले. त्यामुळे रायफल विकत घेणारा प्रत्येक जण या कामासाठी पैसा पुरवतो. आता या हरणांची संख्या अडीच ते तीन कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते. लांडगा व प्यूमा हे त्यांचे नैसर्गिक शत्रू पुष्कळ भागांतून नाहीसे झाले आहेत. हरणांमुळे पिकांची हानी होते आणि रस्त्यांवर अपघात घडतात. म्हणून प्रत्येक राज्य दरवर्षी शिकारीचा हंगाम आणि मारता येणाऱ्या हरणांची मर्यादा ठरवते.

शिकारीत मिळालेले रानटी हरणाचे मांस सर्वसाधारणपणे विकता येत नाही. ते घरी खाल्ले जाते किंवा गरजूंसाठी दान केले जाते. ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांसाठी एक-दोन हरणे ही हिवाळ्यातील मांसाची बेगमी असते. अशा कुटुंबांच्या दृष्टीने रायफलच्या किमतीला विशेष महत्त्व असते.

कॅलिबर व काडतुसांची नावे

कॅलिबर म्हणजे नळीचा अंतर्व्यास. अमेरिकेत तो इंचाच्या दशांश भागांत सांगतात. काडतुसांच्या नावांत मात्र एकसूत्रता नाही. ‘.३०-०६’ मधील ‘०६’ हे १९०६ या वर्षाचे द्योतक आहे, तर ‘.३०-३०’ मधील दुसरे ‘३०’ हे मूळ काडतुसातील दारूचे ग्रेनमधील वजन आहे. ‘.२७०’ या काडतुसातील गोळीचा व्यास प्रत्यक्षात .२७७ इंच असतो.

.३०-३०, .३०८ आणि .३०-०६ या तिन्ही काडतुसांत सामान्यतः .३०८ इंच व्यासाचीच गोळी असते. फरक कवचाच्या आकारात, दारूच्या प्रमाणात आणि दाबात असतो. म्हणून केवळ कॅलिबरवरून ताकद कळत नाही. ही काडतुसे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. नळीवर कोरलेल्या नावाचेच काडतूस वापरावे लागते. चुकीच्या काडतुसामुळे रायफल फुटून इजा होऊ शकते.

इतिहास

जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर १८९४ ही खालचा दांडा ओढून काडतूस भरण्याची, म्हणजेच लिव्हर पद्धतीची रायफल होती. धूररहित दारूचे .३०-३० काडतूस १८९५ मध्ये तिच्यासाठी बाजारात आले. हलकी, आखूड आणि घोड्यावरून सहज नेता येणारी ही रायफल ‘हरिणशिकारीची रायफल’ या शब्दाचा जणू पर्याय ठरली. तिचे ७० लाखांहून अधिक नग तयार झाले. १९४८ मध्ये आलेली मार्लिन ३३६ ही याच प्रकारातील तिची प्रतिस्पर्धी होती.

दोन महायुद्धांनंतर स्प्रिंगफील्ड, माउझर, ली-एन्फिल्ड अशा लष्करी रायफली अल्प किमतीत उपलब्ध झाल्या. जड लाकडी दस्ता कापून, नळी आखूड करून त्यांचे शिकारी रायफलीत रूपांतर करण्याचा प्रघात पडला. टपालाने बंदूक मागवणेही शक्य होते. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाद्वारे होणारी आंतरराज्य विक्री थांबली आणि लष्करी रायफलींच्या आयातीवर निर्बंध आले.

स्वस्त आणि नव्या बोल्ट रायफलीचा मार्ग १९५८ च्या सॅव्हेज ११० ने दाखवला. नळी बसवण्यासाठी तिच्यात एका नटाचा उपयोग केलेला असल्याने कारागिराच्या हातकामाचा वेळ वाचत असे. पुढे संगणकनियंत्रित यंत्रे व साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे दस्ते यांमुळे खर्च आणखी घटला. २०१० नंतरच्या काही वर्षांत सॅव्हेज ॲक्सिस, रूगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट या रायफली अल्प किमतीच्या वर्गात रूढ झाल्या.

प्रमुख काडतुसे

पुढील आकडे कारखान्यात भरलेल्या प्रचलित काडतुसांचे असून वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला आहे. नळीची लांबी व उत्पादक यांनुसार त्यांत फरक पडतो.

• .२४३ विंचेस्टर (१९५५): ६.५ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. धक्का सौम्य, नवशिक्यांना सोयीचे.
• ६.५ क्रीडमोर (२००७): ९.३ ग्रॅम, सुमारे ८२० मीटर. मूलतः नेमबाजीच्या स्पर्धांसाठी तयार झालेले, धक्का मध्यम.
• .२७० विंचेस्टर (१९२५): ८.४ ग्रॅम, सुमारे ९३० मीटर. मोकळ्या प्रदेशातील दूरच्या नेमासाठी लोकप्रिय.
• .३०-३० विंचेस्टर (१८९५): ९.७ ग्रॅम, सुमारे ७३० मीटर. दाट जंगलातील जवळच्या अंतरासाठी.
• .३०८ विंचेस्टर (१९५२): ९.७ ग्रॅम, सुमारे ८६० मीटर. मिळण्यास सोपे, गोळ्यांचे प्रकार विपुल.
• .३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६): ९.७ ग्रॅम, सुमारे ८९० मीटर. याहून जड गोळ्यांसह एल्कसारख्या मोठ्या जनावरांनाही पुरेसे, धक्का जोरदार.

योग्य अंतरावरून योग्य गोळी वापरल्यास यांतील प्रत्येक काडतूस हरणासाठी पुरेसे आहे. म्हणून निवड करताना प्रदेश, नेमबाजाची सहनशक्ती आणि जवळच्या दुकानात काडतूस नियमित मिळण्याची शक्यता यांचा विचार प्रथम केला जातो. एखाद्या दुर्मिळ काडतुसाची रायफल स्वस्तात मिळाली, तरी पुढे काडतुसांवर होणारा खर्च ती बचत खाऊन टाकतो.

धक्का व नेम

गोळी सुटताना रायफल खांद्यावर आदळते, त्यास धक्का म्हणतात. गोळी व दारू जितकी जड, वेग जितका अधिक आणि रायफल जितकी हलकी, तितका धक्का मोठा. सारख्या वजनाच्या रायफलींत .२४३ चा धक्का .३०-०६ च्या सुमारे निम्मा असतो. स्वस्त रायफली बहुधा वजनाला हलक्या असल्याने त्यांत जोरदार काडतुसांचा धक्का अधिकच जाणवतो.

धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटणे किंवा हात हिसकणे ही नवशिक्यांची सर्वसामान्य चूक आहे. हरणाच्या छातीतील प्राणघातक भाग सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा असतो. गोळी त्याऐवजी पोटात लागली, तर जनावराला दीर्घकाळ यातना होतात, माग काढूनही ते अनेकदा सापडत नाही आणि सापडले तरी मांस खराब झालेले असते. त्यामुळे न पेलणाऱ्या मोठ्या काडतुसापेक्षा निर्भयपणे चालवता येणारे मध्यम काडतूस श्रेयस्कर समजले जाते.

गोळीची रचना

शिकारीची गोळी आत शिरल्यावर पसरणारी असावी लागते. संपूर्ण धातूचे वेष्टन असलेल्या लष्करी गोळ्या न पसरता आरपार जातात; त्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी बहुतेक राज्यांत शिकारीसाठी निषिद्ध आहेत. पारंपरिक लिव्हर रायफलीत काडतुसे नळीखालील नळकांड्यात एकामागे एक राहतात. टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या स्फोटक टोपीवर आपटू नये, म्हणून अशा रायफलीत चपट्या किंवा मऊ टोकाच्या गोळ्या वापरतात.

शिशाच्या गोळीचे सूक्ष्म तुकडे मांसात व टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात. आतडी खाणाऱ्या गिधाडवर्गीय कॉन्डॉर पक्ष्यांना विषबाधा होत असल्याने कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर संपूर्ण बंदी घातली. तांब्याच्या गोळ्या हा त्यास पर्याय आहे. त्या सामान्यतः महाग असतात.

किंमत व खरेदी

२०२० च्या दशकाच्या पूर्वार्धात अल्प किमतीच्या नव्या बोल्ट रायफली साधारणतः ४०० ते ६०० डॉलरांना मिळत होत्या. यांतील बहुतेक रायफली चांगल्या काडतुसांसह १०० मीटरवर सुमारे ३ ते ४ सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या बसवतात. २० सेंटिमीटरच्या लक्ष्याच्या तुलनेत ही अचूकता भरपूर आहे. अधिक पैसे मोजल्यास लाकडाचा देखणा दस्ता, सुबक जोडकाम आणि गुळगुळीत सरकणारा बोल्ट मिळतो. हरणाच्या दृष्टीने फरक फारसा पडत नाही. उरलेली रक्कम चांगली दुर्बीण, तिची पक्की बैठक आणि सरावाची काडतुसे यांवर खर्च करणे हितावह मानतात. तीनपट ते नऊपट मोठे दाखवणारी दुर्बीण या कामी सर्रास वापरली जाते.

जुनी रायफल घेताना नळीतील गंज व झीज, दस्त्यातील तडे, सुरक्षा-खटक्याचे काम आणि बोल्टची पकड जाणकार कारागिराकडून तपासून घेणे आवश्यक असते. दस्त्याची लांबीही पाहावी लागते. प्रौढांच्या मापाचा दस्ता मुलांना व ठेंगण्या व्यक्तींना बसत नाही.

कायदेशीर बंधने

शिकारीच्या शस्त्रांचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून खरेदीपूर्वी ते पाहणे अपरिहार्य ठरते. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा आवश्यक आहे. व्हर्जिनियात किमान मर्यादा .२३ कॅलिबरची आहे, त्यामुळे.२२३ तेथे हरणासाठी चालत नाही. ओहायो, आयोवा यांसारख्या सपाट, वस्तीच्या राज्यांत दूरवर जाणाऱ्या गोळ्यांचा धोका टाळण्यासाठी बाटलीसारख्या निमुळत्या कवचाच्या काडतुसांना हरणांच्या बहुतेक हंगामांत मज्जाव असून सरळ कवचाची काडतुसे चालतात. विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेले .३५० लेजंड हे अशा नियमांत बसणारे, सौम्य धक्क्याचे काडतूस आहे.

तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तींना संघीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या भारतीयांनाही हा नियम लागू होतो.

नेम जुळवणे व सुरक्षितता

दुकानातून आणलेली रायफल तशीच जंगलात नेत नाहीत. भक्कम आधारावर ठेवून, शिकारीत वापरायच्याच काडतुसांनी गोळ्या झाडून दुर्बिणीचा नेम जुळवला जातो. त्यानंतर बसून, गुडघ्यावर टेकून आणि उभ्याने सराव केला जातो. ज्या अंतरापर्यंत सर्व गोळ्या २० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसतात, तीच त्या नेमबाजाची मर्यादा. काडतुसाची मर्यादा त्याहून कितीही अधिक असली तरी तिचा उपयोग नसतो.

प्रत्येक रायफल भरलेली आहे असे समजणे, नळी माणसाकडे न रोखणे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि लक्ष्य व त्यामागील जागा यांची खात्री करणे हे मूलभूत नियम होत. कानांचे संरक्षण सरावात अत्यावश्यक असते. बहुतेक राज्यांत रायफलीच्या हंगामात भडक नारिंगी रंगाचा पोशाख घालणे आणि परवान्यापूर्वी सुरक्षितता प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट इत्यादी प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे या लेखातील अर्थाने हरिणशिकारीची रायफल भारतात प्रचलित नाही. .३०३ सारखी लष्करी कॅलिबरे सामान्य नागरिकांना निषिद्ध असल्याने परवानाधारकांसाठी ईशापूर येथील कारखान्यात .३१५ कॅलिबरची रायफल तयार होते. तिचा परवाना आत्मसंरक्षण, पीकसंरक्षण अशा कारणांसाठी दिला जातो.

हे सुद्धा पहा

• रायफल
• काडतूस
• पांढऱ्या शेपटीचे हरीण
• वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२